अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आणि स्टीलची रिंग गरम झाली की सुटतात, वेल्ड करू का?

उलटी_फिरकी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. पोस्ट लांब झालीये, सांभाळून घ्या.

स्वतःची एक आउटरनर मोटर बनवतोय, म्हणजे स्टेटर आत गप्प बसलेला आणि बाहेरचा डबा मॅग्नेटसकट फिरतो ती. स्टेटर एका जुन्या मोटरमधला, वाइंडिंग नव्याने केलं, बाकी सगळं टर्निंग माझंच. बाहेरची रिंग साध्या माइल्ड स्टीलची, बाहेरून १२० मिमी, आतून ११०, लांबी ४०. तिला एका बाजूने ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची १० मिमी जाड प्लेट. प्लेटला आतून ४ मिमी खोल खाच घेतली आणि डब्याला झाकण बसतं तशी ती रिंगवर बसवली, म्हणजे प्लेटची कड रिंगच्या बाहेरून येते. मध्ये दोन भागवाला इपॉक्सी, तो लवकर सेट होणारा. शाफ्ट १५ मिमी स्टीलचा, प्लेटच्या मधल्या बोअरमध्ये प्रेस फिट केलाय (म्हणजे किंचित लहान भोकात दाबून बसवलाय), बोअर १४.९९ आला होता. टॉर्क जास्तीत जास्त १२ न्यूटन-मीटरपर्यंत जाईल असा अंदाज.

थंड असताना एकदम झकास फिरते, आवाज नाही काही नाही, मी तर व्हिडिओ काढून चार जणांना पाठवला पण. लोडवर वीसेक मिनिटं चालवली, प्लेटचं तापमान ९० च्या आसपास गेलं आणि एकदम खर्रर्र. बंद करून बघितलं तर मॅग्नेट स्टेटरला घासलेत. एअरगॅप, म्हणजे मॅग्नेट आणि स्टेटरमधली फट, एका बाजूला ०.७ मिमी आहे, म्हणजे काही अगदी चिकटून नाही. आणि गंमत म्हणजे गार झाल्यावर रिंग परत घट्ट! हलवून बघितली तर हलतच नाही. मला वाटलं आपल्यालाच भास झाला, म्हणून दुसऱ्यांदा चालवली आणि दुसऱ्यांदा घासली. या वेळी शाफ्टवर आणि प्लेटवर मिळून मार्करने एक रेघ मारून ठेवली होती, ती रेघ तुटली, शाफ्टवरचा भाग चांगला १५ अंश पुढे गेलेला.

आता प्रश्न. एक टिग वेल्डिंगवाला म्हणतो होईल की वेल्ड, त्यात काय. इंटरनेटवर त्या अ‍ॅल्युमिनियमच्या जादूच्या कांड्या दिसतात, साध्या गॅसवर वितळणाऱ्या, त्या चालतील का? की इपॉक्सीच बदलू? आणि हो, स्टार पॉइंटला, म्हणजे वाइंडिंगच्या तिन्ही फेज जिथे एकत्र जोडतात तिथे, त्यांची टोकं एका अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला बोल्टने आवळलीत, तिथला बोल्ट पण काळपट पडलाय, ते याच्याशीच संबंधित आहे का ते माहीत नाही.

---

ठिणगी:

वेल्डिंग हे माझं रोजचं काम म्हणून सांगतो, नको करू. म्हणजे चिकटेल. दिसेल पण बरं. आणि टेबलावरून खाली पडलं की बिस्किटासारखा तुकडा पडेल.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना पाणी होतं, स्टीलला १५०० च्या आसपास जावं लागतं, म्हणजे एक वितळून वाहून गेलं तरी दुसरं नुसतं लाल झालेलं असतं. बरं ते कसंबसं जमवलं तरी लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम वितळून एकत्र आले की मध्ये जो थर तयार होतो तो दोघांपैकी कुणाचाच राहत नाही, लोखंड-अ‍ॅल्युमिनियमचं एक वेगळंच कडक ठिसूळ संयुग होतं ते. गार होताना दोघं वेगवेगळे आकसतात आणि तो थर तिथेच तडकतो. तुझ्या टिगवाल्याने बहुतेक कधी केलेलं नाहीये, नुसता आत्मविश्वास आहे.

जहाजांवर स्टीलच्या खालच्या भागावर अ‍ॅल्युमिनियमचा वरचा भाग जोडतात, हे लोक नेहमी उदाहरण देतात. तिथे पण थेट वेल्ड नसतो. स्फोटाने एकमेकांवर आपटून जोडलेली दोन धातूंची पट्टी आणतात, तिची स्टीलची बाजू स्टीलला आणि अ‍ॅल्युमिनियमची बाजू अ‍ॅल्युमिनियमला वेल्ड करतात. किंवा फ्रिक्शन वेल्डिंग, त्यात धातू वितळतच नाही. दोन्ही गोष्टी आपल्या शेडमध्ये होत नाहीत.

जादूची कांडी म्हणजे झिंक-अ‍ॅल्युमिनियमचं सोल्डर. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम जोडायला ठीक, पृष्ठभाग खरवडत खरवडत घासलं की धरतं. स्टीलवर नुसते मणी होऊन घरंगळतात. शिवाय ती वितळायला ३८० च्या वर न्यावं लागतं, आणि तुझे मॅग्नेट निओडायमियमचे असणार, त्यांचं चुंबकत्व ३१० च्या आसपास पूर्णच जातं, आणि कायमचं नुकसान त्याच्या बरंच आधी सुरू होतं. मॅग्नेट चिकटवून झाल्यावर त्या रिंगजवळ ज्योत न्यायचीच नाही, हे लिहून ठेव भिंतीवर.

---

मायक्रॉन_मोजणारा:

ठिणगी यांनी वेल्डचं सांगितलं ते बरोबर. पण मूळ दुखणं जोडाचं नाहीच, तुम्ही कुठला धातू कुठल्या बाजूला ठेवलाय त्याचं आहे. जरा गणित करू, सोपं आहे.

१ मीटर लांबी १ अंश तापली तर अ‍ॅल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन वाढतं आणि साधं स्टील १२. फरक ११ चा. तुमची प्लेटची कड १२० मिमी व्यासावर आहे आणि ती २५ वरून ९० ला गेली, म्हणजे ६५ अंश. ११ गुणिले ०.१२ गुणिले ६५, आले ८६ मायक्रॉन. म्हणजे रिंग आणि प्लेट सारख्याच तापल्या असं धरलं तर तुमची कड रिंगपासून व्यासावर ०.०८६ मिमी लांब गेली. इपॉक्सीच्या पातळ थराला एवढं ताणणं झेपत नाही, तो पहिल्याच वेळी सुटला असणार आणि नंतर नुसता भुगा होऊन मध्ये बसला असणार.

आता तुम्ही म्हणाल ८६ मायक्रॉनने ०.७ चा गॅप कसा संपेल. इथेच खरी गोम आहे. तुमची खाच ४ मिमी खोल, रिंग ४० मिमी लांब. एवढ्याशा कडेत ०.०८६ ची ढिलाई मिळाली की रिंग तिरकी व्हायला लागते, आणि ४ मिमीतला ०.०८६ चा तिरकेपणा दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत दहापट होतो. ०.८६ मिमी. तुमचा गॅप ०.७. घासणारच. आणि मॅग्नेट तर वाटच बघत असतात, एका बाजूला जरा सरकलं की त्या बाजूची ओढ वाढते आणि अजून सरकतं. गार झालं की अ‍ॅल्युमिनियम आवळतं आणि रिंगला परत धरून ठेवतं, म्हणून तुम्हाला हाताला घट्ट लागलं. भास नव्हता.

शाफ्टचं तर अगदी पुस्तकातलं उदाहरण आहे. १५ मिमीवर ६५ अंशाला फरक येतो जवळजवळ ११ मायक्रॉन. तुमचा फिट किती होता? १४.९९ च्या बोअरमध्ये १५.०० चा शाफ्ट, म्हणजे १०. बरोबर ९० अंशाला तुमचा प्रेस फिट शून्यावर आला. आणि शाफ्टवर ओढ किती येते बघा, १२ न्यूटन-मीटर भागिले ७.५ मिमी त्रिज्या म्हणजे १६०० न्यूटन, तेवढ्या छोट्या पृष्ठभागावर. तोच टॉर्क रिंगच्या आतल्या व्यासावर ५५ मिमी त्रिज्येवर घेतला तर २२० सुद्धा होत नाही. त्यामुळे रिंगचा जोड घाबरवतो जास्त पण अवघड आहे तो शाफ्टचा.

---

लेथवरचा_बाबा:

मायक्रॉनसाहेबांनी गणित केलं, मी हाताने सांगतो.

भावा, झाकण उलटं कर. प्लेटची कड रिंगच्या बाहेरून नको, प्लेटला पुढे एक खांदा काढ, ८ मिमी लांब, तो रिंगच्या आत जाऊ दे. मग तापलं की आतलं अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं आणि रिंगला आतून दाबतं. म्हणजे गरम झालं की जोड घट्ट. जो धातू जास्त फुगतो तो आत, हे आमचे मास्तर पहिल्या आठवड्यात शिकवायचे आणि आम्ही दुसऱ्या आठवड्यात विसरायचो.

खांदा रिंगपेक्षा ३० मायक्रॉन मोठा ठेव, जास्त हावरटपणा नको. वरून ६ एम४चे काउंटरसंक स्क्रू रिंगच्या बाहेरून आडवे आत खांद्यात घाल, आट्यांना थ्रेड लॉकर. लोक बहुतेक वेळा स्क्रू रिंगच्या कडेत उभे मारायला जातात, ५ मिमीच्या भिंतीत एम४ बसवायला गेलास तर भिंतच उरत नाही. आडवे मार. आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे दोनदा-तीनदा उघडझाप केली की जातात, हेलिकॉइल (आट्यांत बसवायची स्टीलच्या तारेची स्प्रिंग) घालून घे सुरुवातीलाच, नाहीतर नंतर रडशील.

शाफ्टसाठी अ‍ॅल्युमिनियमला स्टील धरायला लावूच नको. शाफ्टवर स्टीलचाच एक फ्लँज बसव, ५० मिमी व्यासाचा, मागे २६ मिमीचा गळा, गळ्याची लांबी २० तरी. स्टील स्टीलवर श्रिंक फिट, म्हणजे बाहेरचा तापवून फुगवायचा आणि गार होताना आवळू द्यायचा, दोघं सारखेच फुगतात, कितीही तापू दे. मग तो फ्लँज प्लेटला ३६ च्या पीसीडीवर (भोकांच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) एम५ बोल्टने आवळ आणि समोरासमोर दोन ५ मिमीच्या डॉवेल पिन रीमर फिरवून बसव. बोल्ट फक्त आवळायला, टॉर्क पिनने घ्यायचा. बोल्टच्या भोकात बोल्ट थोडा हलतोच, पिन हलत नाही.

---

मायक्रॉन_मोजणारा:

बाबांच्या पिनचा हिशोब: १८ मिमी त्रिज्येवर १२ न्यूटन-मीटर म्हणजे ६६७ न्यूटन, दोन पिनांत वाटून एकीवर ३३३. पिन १० मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये बसली तर दाब चौरस मिमीला ७ न्यूटनच्या आत. काहीच नाही हे.

खांद्याचंही तपासलं, कारण आतून दाबणारं अ‍ॅल्युमिनियम रिंग फाडेल का अशी शंका येऊ शकते. ३० मायक्रॉन आधीचे आणि ६५ अंशाला वाढणारे ७९, एकूण १०९, ११० मिमी व्यासावर. सगळा ताण एकट्या रिंगनेच घेतला असं वाईटात वाईट धरलं तरी २०० मेगापास्कलच्या आत राहतो, माइल्ड स्टील २५० च्या आसपास नमतं. प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियम पण दबतं त्यामुळे अजून कमी. चालेल.

---

चिकट_माणूस:

सगळे इपॉक्सीला शिव्या देताय म्हणून मधे पडतो, पोट त्याच्यावरच आहे.

पहिली गोष्ट, तो पटकन सेट होणारा ५ मिनिटवाला इपॉक्सी ५०-६० अंशांनाच मऊ पडायला लागतो. ९० ला तो गोंद नसतो, च्युइंगम असतं. मोटरमध्ये तो कशालाच वापरू नका, मॅग्नेटला तर नाहीच. उष्णता देऊन पक्का होणारा, टफन्ड लिहिलेला इपॉक्सी घ्या आणि त्याच्या कागदावरचं काच-बिंदूचं तापमान, म्हणजे ज्याला तो मऊ पडायला लागतो ते, वाचा, ते तुमच्या चालत्या तापमानाच्या वर पाहिजे.

दुसरी, अ‍ॅल्युमिनियम घासलं की त्याच क्षणी त्यावर नवीन ऑक्साइड चढायला लागतो. १२० च्या कागदाने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, पुसलेला कपडा परत वापरू नका, आणि तासाभरात चिकटवून मोकळे व्हा. सकाळी घासून संध्याकाळी चिकटवला तर तुम्ही धातूला नाही, घाणीला चिकटवताय.

फ्लँज-शाफ्टच्या जोडात हिरवा रिटेनिंग कंपाउंड घालायचा असेल (लॉकटाइट ६३८ किंवा जास्त तापमानाला ६४८ हे नेहमीचे) तर जरूर घाला, पण हा गोंद हवा नसेल आणि लोखंड किंवा तांब्याचा स्पर्श असेल तरच नीट पक्का होतो. स्टील-स्टीलमध्ये उत्तम. अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमला किंवा स्टेनलेसला तो तासनतास ओलाच राहतो, तिथे अ‍ॅक्टिवेटर मारावा लागतो. बऱ्याच लोकांचा "गोंद धरलाच नाही" हा किस्सा इथूनच सुरू होतो.

आणि मॅग्नेट. निओडायमियम तापल्यावर एका दिशेला थोडंसं फुगतं आणि आडव्या दिशेला चक्क किंचित आकसतं. रिंग मात्र फुगत असते. म्हणून लांबच लांब मॅग्नेट चिकटवण्यापेक्षा आखूड तुकडे लावा, गोंदाचा थर अगदी शून्य करू नका, ०.१ मिमीचा तरी राहू द्या, त्यालाच तर ताणायला जागा लागते. आउटरनरमध्ये बरं असतं, फिरताना मॅग्नेट बाहेर रिंगवरच दाबले जातात. इनरनरवाल्यांना (ज्यात मॅग्नेट आतल्या रोटरवर असतात) विचारा, तिथे २० ग्रॅमचा मॅग्नेट ४५ मिमी त्रिज्येवर ६००० आरपीएमला साडेतीनशे न्यूटनने बाहेर पळायला बघतो, म्हणून वरून कार्बन फायबरची किंवा बिनचुंबकी धातूची बाही चढवतात.

---

गरम_डोकं:

एवढं काय घाबरताय अ‍ॅल्युमिनियमला. मी अ‍ॅल्युमिनियमच्या हबमध्ये थेट स्टील शाफ्ट श्रिंक करतो, कित्येक वर्षं चालतंय. फक्त १० मायक्रॉनची कंजुषी करायची नाही. एच७/एस६ (भोक आणि शाफ्टच्या मापांचा प्रमाणित घट्ट फिट) घ्या, १५ मिमीला १० ते ३९ मायक्रॉन येतं, मी ३० पकडून बोअर करतो. ९० अंशाला ११ गेले तरी १९ उरतात. फ्लँज, पिन, बोल्ट कशाला ती वरात.

---

लेथवरचा_बाबा:

चालतं रे, खोटं नाही. पण हबची भिंत जाड पाहिजे आणि लांबी पण पाहिजे, याची प्लेट १० मिमीची आहे. आणि बसवताना बघ. हब १७० ला नेला तर १५ चा बोअर उघडतो ५० मायक्रॉन, त्यातले ३० फिटने खाल्ले, उरले २०. शाफ्ट फ्रीजरमध्ये ठेवलास तर अजून ७-८ मिळतात. एवढ्या फटीत हात थरथरला की संपलं.

माझा एक अर्ध्यात अडकलाय असा. शाफ्ट सरळ धरून सोडला, १२ मिमी आत गेला आणि थांबला, मी हातोडी घ्यायला वळलो तेवढ्यात पकडला. शाफ्टने हबची गरमी चार सेकंदात ओढून घेतली होती. नंतर प्रेसवर काढला तर अ‍ॅल्युमिनियमची साल निघून शाफ्टला गुंडाळून आली, बोअरमध्ये नांगरल्यासारखे चरे. तो हब अजून बाकावर पेपरवेट म्हणून आहे.

---

गरम_डोकं:

हा हा, माझ्याकडे पण तसे दोन पेपरवेट आहेत, ते सांगायचं राहिलं.

पण अजून एक, हब ७०७५ चा असेल तर १७० ला नेऊच नका. त्याचं टी६ एजिंगच, म्हणजे ताकद यायला तापवून ठेवणं, १२० च्या आसपास होतं, वर नेलं की ताकद उतरते. ६०६१ ला थोडा वेळ चालून जातं.

---

मायक्रॉन_मोजणारा:

अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील "एक" करायचा हट्ट कारखानेही करत नाहीत. साध्या इंडक्शन मोटरचा रोटर बघा कुणी कापून. स्टीलच्या पत्र्यांच्या थप्पीत स्लॉट असतात, त्यात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम दाबाने भरतात आणि दोन्ही टोकांना त्याच ओतात कड्या होतात. अ‍ॅल्युमिनियम पत्र्याला वेल्ड झालेलं नसतं, तिरक्या स्लॉटमध्ये आणि दोन कड्यांमध्ये अडकलेलं असतं. आणि असे रोटर जगभर किती फिरतायत. आकारच धरून ठेवतो. उलट तिथे चांगला धातूचा जोड झाला तर बारमधून पत्र्यांमध्ये आडवा करंट पळतो आणि लॉस वाढतो.

हाच मुद्दा तुमच्या स्टेटरलाही. कुणी म्हणालं की लॅमिनेशन (स्टेटरचे पत्रे) हलतात, बाहेरून एक वेल्डची रेघ मार, तर कमीत कमी रेघा मारा आणि शक्यतो जिथे चुंबकीय फ्लक्स कमी तिथे. पत्रे एकमेकांपासून इन्सुलेट ठेवायला एवढी मेहनत असते आणि वेल्ड ते सगळे शॉर्ट करतो.

---

तांब्याची_तार:

सगळ्यांनी रिंग धरून ठेवली, स्टार पॉइंटकडे कुणी बघितलंच नाही.

तो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आजच काढून टाका. तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि मध्ये स्टीलचा बोल्ट, तीन धातूंची पंगत. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइड करंट अडवतो, सांधा तापतो, तापला की फुगतो, अ‍ॅल्युमिनियम बोल्टखाली दबून पसरतं, गार झाल्यावर बोल्ट तेवढाच ढिला, मग अजून तापतो. काळपट पडलेला बोल्ट म्हणजे हे चक्र सुरू झालंय. ओलावा लागला तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं पण जाईल.

तांब्याला तांबंच जोडा. तिन्ही टोकांचं इनॅमल नीट काढा. नुसतं लायटरने जाळू नका, काजळी राहते, खरवडून चकचकीत लाल दिसलं पाहिजे. मग एका तांब्याच्या नळीत घालून चांगल्या प्रेसने क्रिंप करा किंवा ब्रेझ करा. ब्रेझला तांबं-फॉस्फरसची कांडी घेतली तर तांब्यावर फ्लक्स (ऑक्साइड साफ करणारं रसायन) पण लागत नाही, फॉस्फरसच ते काम करतो. पण तीच कांडी स्टीलवर चुकूनही वापरायची नाही, लोखंडाशी फॉस्फरसचा ठिसूळ थर होतो. स्टीलला तांबं जोडायचं असेल तर सिल्वर ब्रेझ आणि फ्लक्स. आणि कांडी जुनी, कुणाच्या तरी पेटीत सापडलेली असेल तर त्यात कॅडमियम नाही ना बघा, त्याचा धूर वाईट.

ब्रेझ करताना वाइंडिंगच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळा. इनॅमल १८० किंवा २०० क्लासचं असतं, ब्रेझ ७०० च्या आसपास होतं.

---

उलटी_फिरकी:

बाप रे. एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ८६ मायक्रॉन आणि ०.८६ वाचून मी उठून परत व्हर्नियर घेऊन बसलो, खाच ४ पण नाही, ३.८ आहे.

प्लेट नवीन करतो, खांदावाली. शाफ्टला फ्लँज. गरम_डोकंजी, तुमचं पण पटलं पण पेपरवेटचं ऐकून धीर होईना.

---

उलटी_फिरकी:

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. मोटर चालतेय! पण मधे एक मूर्खपणा केला तो सांगतोच, नाहीतर बाबा विचारतीलच.

रिंग आणि नवीन प्लेट दोन्ही तयार, खांदा रिंगपेक्षा बरोबर ३० मायक्रॉन मोठा आला, मीच खूश. आता तापवून बसवायचं म्हणून मी काय केलं, दोन्ही उचलून एकत्र ओव्हनमध्ये ठेवले १५० ला. अर्धा तास. बाहेर काढून घातलं तर जाईचना, थंड असताना निदान तोंडाशी टेकत होता, आता टेकत पण नाही. दहा मिनिटं मी खांद्याला शिव्या घातल्या आणि मग डोक्यात उजेड पडला. जो धातू जास्त फुगतो तो आत आहे, त्यालाच मी फुगवलाय! मायक्रॉनसाहेबांच्या पद्धतीने गणित केलं तर ३० मायक्रॉनचे मी १८० केले होते.

मग दुसऱ्या दिवशी फक्त रिंग १५० ला, प्लेट रात्रभर फ्रीजरमध्ये, पिशवीत घालून म्हणजे दंव नको. रिंग उघडली १६५ मायक्रॉन, प्लेट आकसली १०० च्या आसपास, आणि असं गेलं की टक् असा नुसता आवाज झाला, हातोडी बाजूलाच राहिली. मॅग्नेट त्याआधी लावले नव्हते हे नशीब, नाहीतर ओव्हनमध्ये त्यांची पण अंघोळ झाली असती. ते नंतर लावले, टफन्ड इपॉक्सीने, आखूड तुकडे.

फ्लँज पण तसाच बसवला, २३० ला तापवून शाफ्ट फ्रीजरमधून. बाबांनी सांगितलं होतं म्हणून आधी दोनदा कोरडी प्रॅक्टिस केली, म्हणजे थंड फ्लँज आणि एक बारीक शाफ्ट घेऊन नुसता हात बसवला. गेला एका झटक्यात. खाली स्टॉपर ठेवला होता त्याच्यावर टेकेपर्यंत.

डायल लावला, रिंगच्या मोकळ्या टोकाला रनआउट (फिरताना होणारी डगमग) थंड असताना ०.०४ मिमी. मग ४० मिनिटं लोडवर, ९२ अंश, लगेच बंद करून परत डायल, ०.०५. मार्करची रेघ शाफ्ट-फ्लँजवर एक आणि फ्लँज-प्लेटवर एक, दोन्ही जागच्या जागी.

एक भोक वाया गेलं, आडव्या एम४ साठी ड्रिल करताना बिट सरकलं आणि भोक खांद्याच्या कडेला फुटलं. त्या जागी आता स्क्रू नाही, म्हणून समोरचा पण काढून टाकला, बॅलन्स जाऊ नये म्हणून. ४ स्क्रूवर चालेल ना?

---

लेथवरचा_बाबा:

चालेल. २२० न्यूटनला ४ स्क्रू खूप झाले, शिवाय फिट आहेच. फुटलेल्या भोकात बुर राहिला असेल तर तो काढ, सुटून एअरगॅपमध्ये अडकेल. स्क्रूचं भोक रिंगमधून पण जातं म्हणजे स्टीलचा चुरा पण असणार आत, चिकटपट्टीने टिपून घे, हवा मारू नको, हवेने तो मॅग्नेटच्या फटीत जाऊन बसतो.

आणि ओव्हनचं वाचून बरं वाटलं. मी दोन्ही एकत्र उकळत्या तेलात टाकले होते एकदा.

---

तांब्याची_तार:

स्टार पॉइंट?

---

उलटी_फिरकी:

ठोकळा काढला, सध्या तीन तारा पिळून तात्पुरत्या सोल्डर केल्यात. हो हो, माहितीये. क्रिंपची नळी आणलीये, रविवारी करतो.